शरयूच्या काचा

दौलतगंजातल्या जुन्या सामानाच्या दुकानात ती मॅजिक लँटर्न शरयूने आधी पाहिली होती, पण हात आधी भालचंद्रचा लागला.

"ही मी घेणार आहे," शरयू म्हणाली. "मी शिकवते त्या शाळेसाठी. काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी दाखवायला."

"मलाही त्यासाठीच हवीय... फक्त मला लोकांना हसवायचंय."

हे त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की तिने मान वर करून पाहिलं. किडकिडीत अंग, जाड चष्मा, खिशावर शाईचा डाग.

"आप दोनों पहले तय कर लीजिए," असं म्हणून दुकानदाराने पान तोंडात टाकलं. तो आत वळला आणि भालचंद्रने तेच वाक्य त्याच आवाजात, गालातल्या पानासकट, हळूच म्हणून दाखवलं. शरयूला हसू आवरेना. हसल्यावर भांडणार तरी कशी? लँटर्न सहा दिवस शाळेत आणि रविवारी भालचंद्रकडे, असं ठरलं.

तो मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून होता. सुट्टीच्या दिवशी गणपतीत, लग्नघरी नकला करायचा. ग्रामोफोनवर आवाज, पडद्यावर चित्रं आणि मधे उभा राहून तो शंभर माणसांच्या आवाजांत बोलायचा. चित्रं मात्र त्याला जमत नसत.

पहिल्याच रविवारी शरयूने त्याची एक काच उजेडात धरली. "हा बैल छान काढलाय."

"ते आमचे साहेब आहेत."

त्या दिवसापासून ब्रश तिने हातात घेतला. शाळेच्या हॉलमध्ये तालमी होऊ लागल्या. शरयूची मावशी विजयाबाई पहारा द्यायला बसत आणि सगळ्यांत मोठ्याने त्याच हसत.

"तुमच्या बोटांना हिरवा रंग लागलाय," तो एकदा म्हणाला.

"तुमच्या कॉलरलाही. धुतली नाहीत वाटतं?"

"धुतली... तो डाग सोडून."

शरयूने मान खाली घातली. पुढची रेघ वाकडी गेली.

ऑक्टोबरात बदल्यांची यादी लागली. एक नोव्हेंबर १९५६ पासून मध्यभारत राज्य नव्या मध्यप्रदेशात विलीन होणार होतं, कचेऱ्या भोपाळला जाणार होत्या. यादीत भालचंद्रचं नाव होतं.

"भोपाळ काही फार लांब नाही," तो म्हणाला.

"नाहीच. चित्रं काढणारं कुणीतरी तिथेही मिळेल," ती म्हणाली आणि स्वच्छ झालेला ब्रश पुन्हा धुवत बसली.

कचेरीच्या निरोप समारंभात त्याचा कार्यक्रम ठेवला होता. 'फाइल निघाली भोपाळला'. संध्याकाळी हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत येऊन बसले जयसिंहराव, म्हणजे तेच साहेब. ते आधीच भोपाळला गेलेत असं सगळे समजत होते.

भालचंद्रचा चेहरा उतरला. "साहेबांची ती काच वगळा," तो कुजबुजला. "सहा वर्षं या माणसापुढे मी मान वर केलेली नाही."

"सगळ्यांत चांगली तीच आहे," शरयू म्हणाली. "पण तुम्ही म्हणाल तसं."

कार्यक्रम रंगला. ग्रामोफोनवर आगगाडी सुटली, फायली उलट दिशेच्या, मुरैन्याच्या गाडीत चुकून बसल्या, शिपाई 'अरे भैया, रोको' म्हणत धावला. लोक डोळे पुसत होते. मग ती जागा आली. शरयू काच हातात धरून थांबली. लँटर्नची धग तिच्या गालाला लागत होती. भालचंद्रने बोलता बोलता तिच्याकडे पाहिलं... आणि मान हलवली. दाखवा.

पडद्यावर साहेब उमटले. बैलगाडीत, आपल्या खुर्चीला दोन्ही हातांनी मिठी मारून, मिशा वाऱ्यावर. आणि भालचंद्र त्यांच्याच आवाजात गरजला, "भोपाळला मी जाईन, पण खुर्चीशिवाय नाही."

हॉलमध्ये कुणी हसेना. जयसिंहराव उठले, चालत पडद्यापाशी गेले, चित्र निरखू लागले.

"डावी मिशी थोडी अधिक वळते," ते म्हणाले. "बाकी बरोबर आहे. पुन्हा दाखवा."

मग जो हशा उठला, तो बराच वेळ ओसरलाच नाही. ते चित्र तीनदा दाखवावं लागलं. लोक पांगण्याआधीच समारंभाला आलेल्या पाहुण्यांकडून इंदूर, उज्जैन आणि जबलपूरची आमंत्रणं आली.

"नोकरी सोडतोय," काचा कापडात गुंडाळताना भालचंद्र म्हणाला. मग आवाज बदलून, भटजींच्या सुरात, "आता या मुलाला एक सुयोग्य..." तो थांबला. दुकानदाराचा आवाज काढून पाहिला, तोही अर्ध्यात सुटला.

"सगळ्यांच्या आवाजात बोलता," शरयू म्हणाली. "हे तुमच्या आवाजात सांगा."

त्याचा खरा आवाज जरा कापरा होता. "मला तुम्ही हव्या आहात. चित्रं नाही काढलीत तरी."

"चित्रं मी काढणारच," ती म्हणाली. "रविवारी या. बाबा घरी असतात."

फेब्रुवारीत इंदूरच्या थिएटरबाहेर गर्दी मावेना. भिंतीवरच्या जाहिरातीत दोन नावं होती, भालचंद्र आणि शरयू, एकाच मापाच्या अक्षरांत. ती अक्षरं तिनेच रंगवली होती. खाली उभा राहून तो ती मोठ्याने वाचत होता, स्वतःच्या आवाजात.