धावपट्टीवर विमान उभं आहे

"सत्तेचाळीस, तुम्ही आत्ता टेकडीच्या पोटात आहात."

नेहमीच्या सूचना सोडल्या, तर हे त्यानं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. कानावरचा हेडफोन तापला होता आणि समोरच्या पडद्यावर माझं विमान मोकळ्या आभाळात मजेत चाललं होतं.

दादा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याच्या खोलीत कॉम्प्युटर, विमानाचं हँडल आणि टेबलाखालची पेडल्स मागे राहिली. घरबसल्या विमान चालवायचा खेळ, इतका जुना की त्याच्या नकाशात टेकड्याही नव्हत्या. पण इंटरनेटवर जोडला की टॉवरमध्ये खरी माणसं बसलेली असतात. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी हौसेनं आलेली. ती सांगतील तसं उडायचं, तसं उतरायचं. नाव कोणी विचारत नाही. माझ्या विमानाचा नंबर सत्तेचाळीस, म्हणून मी सत्तेचाळीस. आणि तो टॉवर.

"उंची किती दिसतेय तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"तीन... तीन हजार फूट."

"माझ्याकडे दोन हजार सहाशे. आणि तिथली टेकडी आहे सत्तावीसशेची. बंद करून पुन्हा सुरू करा बघू."

केलं. तार काढून लावली. पुन्हा जोडलं. अर्धा तास तो न कंटाळता एकेक गोष्ट तपासत होता आणि मी प्रत्येक प्रश्नाला "हो, बरोबर आहे" म्हणत होते. शेवटी तो म्हणाला, "मघाशी मी हवेचा दाब सांगितला होता. किती?"

"एक हजार." तो मी तेव्हाही घडाघडा म्हणून दाखवला होता.

"छान. आणि उंचीच्या घड्याळावर किती लावलाय?"

मी वाकून बघितलं. "एक हजार... तेरा."

"फिरवला नाहीत? मग ते घड्याळ चारशे फूट जास्तच दाखवणार."

"तो... फिरवायचा असतो?"

मग तो जो हसला! हसणं इतकं मोकळं होतं, की मला रडू यायचं राहूनच गेलं.

मी जन्माची भित्री भागूबाई. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिथं गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तरी माझी चूक नसताना माफी मागते. समजलं नाही असं सांगण्यापेक्षा मान डोलावणं मला नेहमीच सोपं वाटत आलंय.

"हे बघा," तो म्हणाला, "नाही समजलं तर 'पुन्हा सांगा' म्हणायचं. आणि करता येण्यासारखं नसेल तर सरळ 'जमणार नाही' म्हणायचं. इथं त्याचा कोणी राग धरत नाही."

"खरंच नाही धरत?"

"एकदा म्हणून तर बघा."

मी नुसती मान डोलावली, जी त्याला दिसणार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी धावतच आले.

मग रोजच. तो आमच्याच शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा, हे मला हळूहळू कळलं. दिवसभर अंधाऱ्या पोकळीत लोंबकळणारा माणूस संध्याकाळी आभाळ सांभाळायचा.

"सत्तेचाळीस, आज उशीर? टॉवरला चुकल्याचुकल्यासारखं झालं."

"टॉवरला, की तुम्हाला?"

"टॉवरमध्ये... मी एकटाच असतो."

माझे कान लाल झाले. दारातून आईनं डोकावलं. "विमान उतरलं असेल तर जेवायला या, पायलटबाई. आणि त्या विमानात एवढं हसण्यासारखं काय असतं गं?"

हसत होते खरी, पण आतून घाबरलेली होते. हा आवाज एक दिवस बंद झाला तर? माझ्याकडे त्याचा फोन नंबर नव्हता, पत्ता नव्हता. होती ती फक्त संध्याकाळ.

दोन महिन्यांनी त्यानं सांगितलं, "रविवारी पाच वाजता माझी परीक्षा, टॉवरच्या पक्क्या परवान्याची. दोन परीक्षक कान लावून बसणार. दोनदा नापास झालोय. तिसऱ्यांदा झालो, तर वर्षभर टॉवर बंद."

"वर्षभर?"

"तुम्ही याल ना? बारा विमानं लागतात. एक ओळखीचं असलं की बरं वाटतं."

रविवारी आभाळ विमानांनी गजबजलं होतं. तो छान बोलत होता, शांत, स्वच्छ. मी ओठ आवळून उतरणीला लागले.

"सत्तेचाळीस, उतरायला परवानगी."

मी वाक्य परत म्हटलं आणि समोर बघितलं. धावपट्टीवर, अगदी तोंडाशी, एक पिवळं विमान उभं होतं.

त्यानंच मिनिटापूर्वी त्याला तिथं थांबायला सांगितलं होतं. मग दुसरीकडे दोन विमानांचा घोळ झाला आणि तो निस्तरताना हे पिवळं विसरला.

सहाशे फूट. बोलले, तर त्याची चूक परीक्षकांच्या कानावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! एक पळवाट होती... 'माझा ताबा सुटला, पुन्हा वर जाते' एवढंच म्हणायचं. चूक माझ्या नावावर गेली असती. ती मला सवयीचीच होती. त्याची परीक्षा वाचली असती आणि माझ्या संध्याकाळीही.

पण माझ्यामागे आणखी एक विमान होतं. मी गप्प राहिले, तर तो त्यालाही त्याच पिवळ्यावर उतरवणार होता, आणि त्याला कळणारही नव्हतं.

पाचशे.

"टॉवर..." माझा आवाज चिरकला. "जमणार नाही. धावपट्टीवर विमान उभं आहे."

विमान खाली येतच होतं, कानात नुसती खरखर. ते चार-पाच सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही.

"सत्तेचाळीस, वर जा. मागचं विमान, तुम्हीही वर. पिवळं, जागेवरच थांबा." आवाज तसाच शांत होता. मला मात्र पडदा दिसेनासा झाला होता.

तासाभरात निकाल लागला. नापास.

सोमवारी टॉवर बंद. मंगळवारी बंद. मी खुर्चीत बसायचे, हेडफोन लावायचे आणि ती खरखर ऐकत राहायचे. माणसानं विश्वासानं बोलावलं आणि मी त्याच्या ताटात माती कालवली. बुधवारी आईनं केसांवरून हात फिरवला. "विमान पडलं का गं?"

"नाही आई. उडवलंच नाही."

गुरुवारी मी उडाले, एकटीच. टॉवर रिकामा असला की पायलट एकमेकांना आपापला ठावठिकाणा सांगतात. मी माझा सांगितला. उत्तर आलं.

"मी... पूर्वेकडे आहे. बहुतेक. नवीन आहे, सांभाळून घ्या."

मी हेडफोन कानावर दाबला. "टॉवर?"

"टॉवर वर्षभर बंद. पण विमान उडवायला कोणी बंदी घातलेली नाही."

"तुम्ही... रागावला नाहीत?"

"रागावलो होतो की. एक दिवस तुमच्यावर, एक दिवस स्वतःवर. मग परीक्षेचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं." तो थांबला. "तुमचा आवाज कापत होता हो. इतकं घाबरून माझ्यासाठी खरं बोलणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. तुम्हाला बघायचंय मला. कुठं येऊ?"

विमान वाकडं झालं, मी सावरलं. "मी दिसायला अगदी साधी आहे."

"माझ्या नखांतलं ग्रीस निघत नाही. सांगा कुठं येऊ?"

"पोस्टासमोर... चष्म्याचं दुकान. उद्या चार वाजता."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या हातून तीन काचा फुटल्या. मालककाका चष्म्यावरून बघत राहिले. चार वाजून दहा मिनिटांनी दार ढकलून एकजण आत आला. उंच, किंचित पोक काढलेला, घासून घासून लाल केलेले हात. काउंटरशी उभा राहिला, तोंड उघडलं... आणि मिटलं. बारा विमानांशी एका दमात बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. त्याच्या कपाळावर घाम होता. तो माझ्याइतकाच घाबरला होता!

"काय हवंय यांना?" काकांनी विचारलं. "डोळे तपासायचेत का?"

हातातली काच मी खाली ठेवली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघंही माझ्याकडेच बघत होती.

"नाही काका," मी मोठ्यानं म्हटलं. "ते माझ्याकडे आलेत. मला ते आवडतात."