हाकेला आलेली ओ

संगणक जवळा बाजारच्या आमच्या घरी आला ते साल दोन हजार आठ. बंगळुरूहून माझ्या धाकट्यानं, प्रेमदासनं धाडला. आत लिनक्स होतं. त्याला रोग लागत न्हाई म्हणे. मी दुसरी शिकलेली. अक्षराला अडखळते, पण आकडा मला फसवत न्हाई.

तीन वर्षांमागं प्रेमदासनं न विचारता लगीन केलं. "या उंबऱ्याला पाय लावू नको," मी म्हणाले. त्यानंतर तोंड पाहिलं न्हवतं. आता म्हणाला, यंत्रावर समोरासमोर बोलू. याडी 'ये' म्हणाली तरच घरी येईन. आमच्यात आईला याडी म्हणतात. फोनवर सांगायला मी काय रिकामी होते? तोंड बघितल्याशिवाय 'ये' म्हणणार न्हाई, असं मीही ठरवलं.

पण मी खुर्चीत बसले की नेट जायचं.

शिला, थोरली सून, दिराला फोनवर विचारून एकेक करून बघायची. वायर बदलली. टेलिफोनच्या तारेवरची डबी बदलली. यंत्रातलं नेटचं कार्ड झोपी जातं म्हणून त्याची झोप बंद केली. यंत्र स्वतः जे लिहून ठेवतं तेही वाचलं. लाईन तुटल्याचं त्यात कुठंच न्हवतं.

"पिंग लावते," शिला म्हणाली. "म्हंजे हाक. इथून हाक द्यायची, तिकडून ओ येते. किती वेळात आली तो शेवटचा आकडा."

काळ्या पडद्यावर ओळी उतरू लागल्या. चाळीस. एकेचाळीस. चाळीस. मी जवळ गेले. ओळी थांबल्या.

"याडी, जरा वसरीत जाता का?"

"काहून? माझ्या अंगाला काटे हायेत का?"

"जा तर."

गेले. आतून ओरडली, "आली!" परतले. थांबली. सात वेळा गेले, सात वेळा आले. शेवटी शिला माझ्याकडं बघेना.

"तुमी भावजींना काही बोलला व्हता का?" तिनं विचारलं.

"तू तुझी वायर बघ," मी म्हणाले.

बोलले होते. पण उंबऱ्याशिवाय जे बोलले, ते त्याला न्हाई.

दिवाळीला आमच्यात चुलीतल्या निखाऱ्यावर गूळ-तुपाचा धबुकार देतात. मेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलवतात. त्याच्या लग्नाच्या वर्षी मी सगळी नावं घेतली आणि शेवटी, रागात, प्रेमदासचंही घेतलं. जित्या लेकाचं. तूप भसकन पेटलं. घरात कुणी ऐकलं न्हाई.

घेतलेलं नाव माघारी कसं घ्यायचं, हे तांड्यात कुणाला विचारणार? विचारलं तर सांगावं लागलं असतं.

यंदा दिवाळीच्या सकाळी मी चूल पेटवलीच न्हाई. न्हाऊन थेट खुर्चीत बसले.

पडदा उजळला. प्रेमदास होता. चेहरा वाळलेला, पण त्याचाच. एकदाही अडकला न्हाई.

"याडी."

 मी ताठ बसले.

"झालं ते झालं," मी म्हणाले. "ये घरी."

तो हसला. मान वळवून मागं कुणाला तरी म्हणाला, "बोलवलं."

तेवढ्यात शिला आत आली. हातात गुंडाळलेली नेटची वायर.

"याडी, कुणाशी बोलून राहिल्या? ही तर मी रात्रीच काढून ठेवली."

मी तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं.

"निघालोच हाओत," प्रेमदास म्हणाला. "आजा डावा पाय ओढत चालतो, म्हणून हळू येऊन राहिलो."

माझे सासरे प्रेमदासच्या जन्माआधीच गेले. ते पाय ओढत चालायचे, हे मी लेकरांना कधी सांगितलं न्हवतं.