तंबूची वाऱ्याकडची बाजू

बारा वर्षं तो कारखान्यात तंबू शिवत होता, पण स्वतः एकदाही तंबूत राहिला नव्हता. बायको यावरून त्याला येताजाता टोमणे मारायची. अखेर आठ जणांचा, उंच भिंतींचा एक तंबू त्याला सवलतीत मिळाला आणि सुट्टीच्या दिवशी तो, बायको आणि सात वर्षांची लेक तळ्याकाठच्या माळावर दाखल झाले.

"तीन माणसांना एवढा कशाला?" बायको म्हणाली.

"ऐसपैस राहू की."

उंच भिंतींना वाराही ऐसपैस लागतो, हे शिवणाऱ्याला तरी कळायला हवं होतं. त्यातून त्याने रुंद बाजू नेमकी तळ्याकडे केली होती. कारखान्यात मोठ्या पंख्याकडे रुंद बाजू करूनच तंबू तपासायचे. हाताला तेवढंच वळण. दुपारी चारला तळ्यावरून वारा सुटला, एक दोरी तटकन तुटली आणि ती अख्खी भिंत आत फुगली. त्याने एक खांब धरला, बायकोने दुसरा.

कारखान्यात अशा वेळी एक जण आतून भिंतीला पाठ लावून बसतो. याला ते 'पाठ देणं' म्हणतात. पंखेवाला 'सरक' म्हणेपर्यंत त्याने हलायचं नाही, मधेच उठलं की शिवण उसवते.

"बाळा, त्या भिंतीला पाठ दे. मी 'सरक' म्हणेपर्यंत हलू नकोस."

लेक बसली. शब्दाची भारी पक्की पोर. एकदा 'इथेच थांब' म्हटलं म्हणून शाळेच्या फाटकाशी तासभर उभी राहिली होती.

"बाबा, पलीकडूनही कुणीतरी पाठ दिलीये."

"वारा आहे गं तो."

"वारा गरम असतो?"

त्याने पाहिलं. बाकीचं कापड फडफडत होतं. तिच्या पाठीमागचं तेवढं ताणून स्थिर होतं. खांब सोडला तर सगळा डोलारा तिच्याच अंगावर आला असता. नुसतं बघत राहण्यापलीकडे त्याला काही करता येईना.

मग वारा एकदम पडला. खिडकीतून बाहेरचं गवत दिसत होतं, एक पातंही हलत नव्हतं. भिंत मात्र तशीच आत राहिली. बऱ्याच वेळाने ती हळूहळू सरळ झाली.

तो धावत बाहेर गेला. कोणी नव्हतं. गवतही तुडवलेलं नव्हतं. त्याला स्वतःचंच हसू आलं. तो तुटलेली दोरी गुंडाळू लागला.

बायको लेकीचा हात धरून बाहेर आली. तिने मागे तंबूच्या दाराची झिप ओढून घेतली. "बास झाली हौस. आम्ही गाडीत बसतो."

लेक आईला चिकटून चालत होती. घाबरली असेल, असं वाटून त्याने जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ थंडगार होती.

त्या दोघी गाडीकडे गेल्या. तो तंबूकडे वळला.

तीच भिंत आता बाहेर फुगली होती. खाली, बसलेल्या पोरीच्या उंचीवर. त्याने तळवा टेकवला. कापडाआड दोन लहान खांद्यांची हाडं लागली. ऊबदार.

तेव्हा त्याला आठवलं. 'सरक' म्हणायचं राहूनच गेलं होतं.

"बाबा," आतून आवाज आला, "सरकू का आता? पाठ गार पडत चाललीये."

तो झिपला झोंबला. झिप हलेना. त्यानेच शिवलेली झिप.

"सरक! बाळा, सरक, इकडे ये!"

भिंत सपाट झाली. झिप सर्रकन उघडली.

आत कोणी नव्हतं. भिंतीपाशी लेकीचे सँडल होते, शेजारी शेजारी नीट ठेवलेले.

"अहो," गाडीतून बायकोने हाक मारली, "हिचे सँडल आतच राहिलेत, तेवढे घेऊन या."

त्याने ते उचलले. अजून गरम होते.