कुंभोजकर सरांचा हात

वैदेही आवटीच्या टेबलावर तो कॉम्प्युटर तिसऱ्यांदा आला होता आणि तिसऱ्यांदाही अगदी निमूट चालत होता. सांगलीतल्या तिच्या दुरुस्ती केंद्रात आल्यापासून तिने त्याची रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, पंख्यातली धूळ काढली, सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली. आत्ताही दोन पानं मजकूर टाइप करून झाला होता.

"चालतोय की," ती म्हणाली. "तुमच्या घरचं व्होल्टेज बघा एकदा."

"व्होल्टेज!" शमीम मुजावरांचा पारा चढला. "वायरमन आणला, स्टॅबिलायझर बसवला. तरी आठ-दहा ओळी झाल्या की मेला हँग! तुमच्यापुढे शहाण्यासारखा वागतो आणि माझ्यापुढे मुडद्यासारखा पडतो."

शमीमताई साक्षलेखक होत्या. यंत्राने ऐकून लिहिलेली साक्ष कोर्टात चालणार नाही असा कायदा झाला, तेव्हापासून हाताने टाइप करणाऱ्यांना पुन्हा दिवस आले होते. नवा कॉम्प्युटर परवडेना म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून हा उचलला. आता कोर्टाची शेवटची ताकीद आली होती: सोमवारी साक्षी पोचल्या नाहीत, तर नाव यादीतून कमी.

"उठा," त्या वैदेहीला म्हणाल्या. "तुमच्या खुर्चीत मी बसते. मग बघू कोणाचं व्होल्टेज."

त्या बसल्या. नवव्या ओळीला कॉम्प्युटर गारठला.

वैदेहीने तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि स्वतः बसली. मधे मधे थांबत टाइप केलं, पानभर चालला. पुन्हा शमीमताई बसल्या, पुन्हा हँग. वीज तीच, टेबल तेच. बदलले होते ते फक्त हात. आपण दोन खेपा या बाईंना उगाच घरी पाठवलं, याची वैदेहीला मनापासून लाज वाटली. तिने लगेच कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार ठोकली.

कंपनीने निनाद तगारे नावाचा सुरक्षा-अभियंता पाठवला. माणूस गोड बोलणारा होता आणि त्याला लपवायचं असं काहीच नव्हतं, हेच जास्त संतापजनक होतं.

"बिघाड नाहीच आहे, मॅडम. याला आम्ही लयकुलूप म्हणतो," त्याने समजावलं. "दोन अक्षरांमध्ये बोट किती थांबतं, कळ किती वेळ दाबून धरतं, ही प्रत्येकाची हस्तलय वेगळी. पहिल्या महिन्यात कॉम्प्युटर मालकाची हस्तलय शिकतो आणि ती आतल्या चिपमध्ये कायमची गोठवतो, प्रणाली पुसली तरी जात नाही. पुढे परका हात लागला की थांबतो."

"मग 'परका हात' असं पडद्यावर लिहीत का नाही?"

"लोक भांडतात हो. हँग झाला की मशीन म्हातारं झालं म्हणतात आणि नवीन घेतात."

शमीमताईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "म्हणजे मी पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी नाही?"

"कुलूप काढता येतं ना! पहिल्या मालकाने एक पान सलग टाइप करायचं. ओळख पटली की तो स्वतःच विचारतो, कुलूप काढू का?"

"आणि माझ्या हाताला कसा चालतो?" वैदेहीने विचारलं. "मी काही मालक नाही."

तगारेलाही हे कोडंच होतं. त्याने अनुक्रमांक घालून पहिला मालक शोधला. रावसाहेब कुंभोजकर, विश्रामबाग.

वैदेही हसायलाच लागली. कुंभोजकर सर! त्यांच्या टंकलेखन वर्गात ती दोन वर्षं घासली होती. सर लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे. एका ठोक्याला एक कळ. जोडाक्षर आलं की अर्धा ठोका थांबायचं, ही त्यांची स्वतःची खोड. परीक्षेत तिचा काही उपयोग नव्हता, पण वर्गातला एकही विद्यार्थी त्यातून सुटला नाही. ती खोड वैदेहीच्या बोटांत अजून होती.

दुसऱ्या दिवशी ती सरांना रिक्षातून घेऊन आली. सर वाकले होते, पण खुर्चीत बसताच पाठ ताठ झाली. त्यांनी टाइप करायला सुरुवात केली. शमीमताई आणि पुन्हा आलेला तगारे टक लावून बघत होते.

पाचव्या ओळीला कॉम्प्युटर गारठला.

"असंच व्हायचं," सर शांतपणे म्हणाले. "म्हणून तर विकला." त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळी वाकडी जुळलेली होती. "शटरखाली सापडली. तेव्हापासून जोडाक्षराला बोट वेळेवर पोचत नाही. मला वाटलं, मशीनच बिघडलं."

तगारेने खांदे उडवले. "मग नियमाप्रमाणे हे मालक नाहीत. माफ करा."

"अहो, त्यांनी विकत घेतलाय!" शमीमताई कडाडल्या. "उद्या तुमचं बोट मोडलं तर तुमच्या घरात तुम्ही चोर?"

तेवढ्यात वैदेहीने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला होता आणि सरांना हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं.

"सर, पट्टी नाही. पेन्सिल चालेल?"

सरांना कळलं. पेन्सिल टेबलावर वाजू लागली. ठोका, ठोका, जोडाक्षराला अर्धा थांबा. वैदेही इतके दिवस तुकड्यातुकड्याने तपासणीचा मजकूर मारत आली होती. आज तिने पान सलग, एकदाही न थांबता उतरवलं. शेवटच्या ओळीखाली चौकट उघडली: मालकाची ओळख पटली. कुलूप काढायचे?

"थांबा! तुम्ही मालक नाही!" तगारे ओरडला.

"तुमच्या नियमात नाव कुठे आहे? हात आहे," वैदेही म्हणाली. "आणि हात सरांचाच आहे." तिने 'होय' दाबलं.

शमीमताई खुर्चीत बसल्या आणि कोर्टाची साक्ष समोर घेऊन टाइप करू लागल्या. नववी ओळ गेली, विसावी गेली, पान संपलं. त्यांनी डोळे पुसले आणि पुढचं पान घेतलं.

सर त्यांच्या बोटांकडे बघत होते. "हात छान आहे तुमचा. पण तो एकट्याचा आहे. उद्यापासून वर्गाला या."

"आता कशाला, सर? कुलूप निघालं की."

"याचं निघालं. पुढचा जुनाच घ्याल तेव्हा? तुमच्या शेजारणीचं काय?" सर वैदेहीकडे वळले. "इथे संध्याकाळी किती खुर्च्या मावतील गं?"

"तुम्ही सांगाल तेवढ्या."

तगारे बॅग आवरता आवरता थांबला. त्याला हिशेब जमला होता आणि तो चेहऱ्यावर दिसत होता. "असं गावच्या गावाला एकच हात शिकवलात, तर आमचा कॉम्प्युटर ओळखणार कोणाला?"

"सगळ्यांना," सर म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवून त्यांनी वैदेहीकडे उद्याच्या वर्गासाठी एक लाकडी पट्टी मागितली.