हार्लनच्या पिंपावरची गार रेघ

ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या घरात घडलीय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. किटलीत पाणी तापतंय, तेवढ्यात सांगते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं शिबॉयगन गाव. आमचं गॅरेज. ऑक्टोबरातली संध्याकाळ.

माझा नवरा हार्लन जाऊन महिना झाला होता.

तो घरीच बिअर बनवायचा. शेवटचं पिंप त्याने आमच्या जोडी नावाच्या लेकीच्या लग्नासाठी भरून गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजात ठेवलं होतं. "पाहुण्यांना दुकानातली पाजलीस तर बघ," दवाखान्याच्या खाटेवरून बजावलं होतं मला. ही बिअर लग्नापर्यंत पुरवायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

पिंप स्टीलचं. आत किती उरलीय, दिसत नाही. त्यावर हार्लनची युक्ती होती. बाहेरून गरम पाणी ओतायचं आणि हात वरून खाली न्यायचा. रिकामा भाग कोमट लागतो. जिथे गार लागलं, तिथून खाली बिअर. त्या रेघेवर चिकटपट्टी लावायची.

मी लावली होती. पार वर, गळ्याशी.

त्या संध्याकाळी हात फिरवला... कोमट.

आणखी खाली... कोमटच.

रेघ पट्टीच्या चार बोटं खाली गेली होती.

हार्लनचा दोस्त लायल बघायला आला. "मार्गो, खरं सांग, एकटीच ढोसतेस ना?"

"थोबाड फोडीन, लायल."

त्याने सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. खाली थेंब नाही. शेवटी त्याने तोटीची नळीच काढली आणि खिशात घातली. "आता काय भूत पिणार?"

दुसऱ्या दिवशी रेघ अजून ग्लासभर खाली होती.

आणि बाकावर हार्लनचा ग्लास... ओला. आत फेसाचं कडं.

तो ग्लास मी अंत्यविधीच्या दिवशी धुऊन पालथा घातला होता.

भीती नंतर वाटली. आधी डोकंच फिरलं माझं. "हार्लन, पुरे! पोरीच्या लग्नात काय पाणी पाजू लोकांना? लग्न पार पडू दे. मग येते मी तुझ्याजवळ बसायला. पिऊ हवी तेवढी!"

फ्रिजची घरघर थांबली...

मग पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर रेघ तसूभर हलली नाही.

लग्नात सगळ्यांना पुरली. शेवटचा ग्लास जोडीचा. "आई गं, बाबांच्या हातची चव," म्हणाली आणि रडली. मीही रडले. सुटले एकदाची, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिंप धुतलं, वाळवलं, झाकण लावून कोपऱ्यात ठेवलं. फ्रिजात नाही.

संध्याकाळी पाणी का ओतलं, देव जाणे. सवय, दुसरं काय.

कोमट... कोमट...

तळाशी गार.

झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत.

दुसऱ्या संध्याकाळी रेघ ग्लासभर वर आली होती.

लायल म्हणाला, "दे इकडे, माझ्याकडे राहू दे." सकाळी पिंप माझ्या दारात परत. बाजूला लायल उभा. थट्टा नाही, काही नाही. "मार्गो, तू त्याला काय कबूल केलंयस?" एवढंच विचारलं आणि गेला.

जोडीला दिवस गेलेत. आमच्याकडे राहायला ये म्हणते. जायचंय हो मला! नातवंड मांडीवर घ्यायचंय. रागाच्या भरात बोललेलं कोणी इतकं मनावर घेतं का?

पण हार्लन घ्यायचा. पहिल्यापासून.

काल रेघ गळ्याच्या बोटभर खाली होती.

आज बाकावर दोन ग्लास आहेत. दुसरा माझा, स्वयंपाकघरातला. मी नेला नव्हता.

किटली वाजली. जाऊन हात लावून बघते.