कळपट्टी

दौलतला गोळी लागली तेव्हा तो ओट्यावर बसून चहात पाव बुडवत होता. पाव बुडाला, कप लवंडला आणि दौलत डावी मांडी दोन्ही हातांनी धरून आडवा झाला. मांडीवर साधा ओरखडाही नव्हता. गोळी लागली होती टेकडीपलीकडच्या हरभऱ्यात, चितळाच्या एका मादीला.

"लागली काय?" त्याच्या बायकोने, शेवंताने, आतून विचारलं.

"लागली. पडली नाही," दौलत दात आवळत म्हणाला. "पळून राह्यली."

हरणं पिकांत फार माजली, तेव्हा सरकारने परवानेवाल्यांना ती मारायची मुभा दिली. आणि मारणाऱ्याचं काळीज दगडाचं होऊ नये म्हणून सोबत दया कायदाही दिला. परवान्याच्या प्रत्येक गोळीत ज्वारीच्या दाण्याएवढा वेदक असे. तो मांसात रुतला की जनावराच्या नसांमधली कळ टिपायचा आणि मोबाइलच्या टॉवरवरून शिकाऱ्याच्या मनगटावरच्या कळपट्टीत पाठवायचा. जनावर मरेपर्यंत किंवा बरं होईपर्यंत पट्टीचं कुलूप उघडत नसे. जनावर कुठे आहे, हे मात्र वेदक सांगत नसे. ठिकाण कळलं तर चोरशिकाऱ्यांचं फावेल, म्हणून ती सोय कायद्यानेच बंद ठेवली होती. जखमी जनावर शोधायला परवान्याचं कुत्रंच लागे. पंचक्रोशीत ते शेवंताकडे होतं. भुरकी नावाची, आखूड पायांची, गावठी.

कायदा इतका चांगला होता की सगळ्या शिकाऱ्यांनी त्याचं टाळ्या वाजवून स्वागत केलं. मग पोटनियम आला. तब्येतीच्या कारणास्तव पट्टी दुसऱ्या राजीखुशीच्या माणसाला बांधता येईल. शिकारी मंडळींच्या तब्येती एकाएकी नाजूक झाल्या आणि गावोगाव पैसे घेऊन दुसऱ्याची कळ सोसणारे सोसकरी तयार झाले. दौलत पूर्वी शेतांची राखण करायचा. राखणीला उडती यंत्रं आल्यापासून त्याला सोसण्याचंच काम उरलं होतं.

शेवंताने भुरकीच्या गळ्यात लांब दोर अडकवला, खांद्याला बंदूक लटकवली. ही बंदूक शेवटच्या गोळीची, न वाचणाऱ्या जनावराची सुटका करण्यासाठी. दौलतला लावलेला फोन तिने पोलक्यात खोचला आणि चालूच ठेवला.

हरभऱ्याच्या बांधावर गोळी झाडणारे धांडे साहेब घडीच्या खुर्चीत बसले होते. चेहरा खरोखरच उतरलेला.

"शेवंताबाई, फार वाईट वाटतंय हो. ऐनवेळी ती वळली. पट्टी मी स्वतःच बांधणार होतो, पण डॉक्टर म्हणाले, तुमचं बीपी."

"डॉक्टर चांगला हाये तुमचा," शेवंता म्हणाली.

झुडपावर रक्त होतं, आखूड केस होते. भुरकीने ते हुंगले आणि दोर ताणला. शेवंता मात्र बांधावर बसली.

"निघायचं ना?" धांडे म्हणाले.

"आत्ता नाही. मागं लागलं तर जनावर ऊर फुटेस्तोवर पळते. सोडून दिलं तर जवळच बसते."

"पण तिकडे दौलतराव..."

"ती पळाली, तर तेबी पळतीन."

फोनमधून दौलतचा श्वास ऐकू येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. मधूनच एखादी शिवी यायची. ती धांड्यांना होती की चितळाला, हे कळत नव्हतं. धांड्यांनी ती चितळाला आहे असं गृहीत धरलं. ऊन चढलं. धांड्यांनी डबा उघडला, शेवंताला पराठा विचारला. तिने मान हलवली. मग भाता हळू झाला.

"बसली वो," दौलत म्हणाला. "गार जागी बसली. आता ठणकते नुसतं."

"काही खाल्लं काय तुमी?"

"काय खाऊ? पाव तर बुडाला."

शेवंता उठली. भुरकी नाक जमिनीला लावून निघाली; भुंकायचं नाही, धावायचं नाही, दोराच्या बाहेर जायचं नाही, हे तिला चांगलं कळत होतं. शेताची कड संपली, पळसाचं रान लागलं. एका पानावर थेंब, पुढे बराच वेळ काहीच नाही, मग दगडावर पुसट डाग. नाल्याच्या तोंडाशी भुरकी थांबली आणि मुकाट बसली.

समोर जांभळीच्या सावलीत मादी उभी होती. डावा मागचा पाय उचललेला. मान वळवून ती जखम चाटत होती. मधेच तिने थोडा पाला ओरबाडला.

शेवंताने फोनचा कॅमेरा समोर धरला. पडद्यावर दयाधिकारी उगवला, हसतमुख, तरणाताठा डॉक्टर.

"अभिनंदन, ताई! हाड शाबूत आहे. वाचेल ही. सोडून द्या."

"आन् पट्टी?"

"जखम भरेपर्यंत राहील. महिनाभर धरा. जखमेत किडे पडले नाहीत तर."

"पडले तर?"

"तर जास्त."

"तो दाणाच काढून टाका ना मांडीतला."

"त्यासाठी तिला बेशुद्ध करावं लागेल, ताई. तो तिच्यावर अन्याय नाही का?" असं म्हणून डॉक्टर मावळला. शेवंताने फोन पुन्हा पोलक्यात खोचला.

धांडे मागून आले. मादी जिवंत पाहून त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मग त्यांनी शेवंताच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"शेवंताबाई, जखम आतून खोल होती, डॉक्टर गेल्यावर ती कोसळली, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. मी आपला पाठ करून उभा राहतो."

आणि ते खरंच पाठ करून उभे राहिले. वर पाखरं पाहू लागले.

महिनाभर. किडे पडले तर जास्त. गेल्या खेपेला सांबराने मरायला तीन दिवस घेतले होते, तेव्हा दौलतने उशीच्या चिंध्या केल्या होत्या. शेवंताने दोर पळसाला बांधला, बंदूक खांद्यावरून उतरवून रोखली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

मादीने मान वर केली. चाटणं थांबलं.

"शेवंता," पोलक्यातून आवाज आला. दबका.

"बोला."

"ठणका कमी हाये. पण कोणीतरी आलं, वो."

"तिथं? ओट्यावर?"

"ओट्यावर कोणी नाही. पण आलं. समोर उभं हाये. मले भेव लागून राह्यलं, शेवंता."

कळपट्टी फक्त कळ पोचवते, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. शेवंताने नळी जराशी खाली केली. मादीचे कान किंचित ढिले पडले, आणि फोनमध्ये दौलतने अडवलेला श्वास सोडला. तिने नळी पुन्हा वर केली. श्वास अडकला.

नवरा आज वाचवावा तर चापावरच्या याच बोटाने. आणि उद्या तो जेवायला समोर बसेल, तेव्हा त्याच्या डोळ्यांत कोण बसलेलं असेल?

"शेवंता," दौलत लहान पोरासारखा म्हणाला, "ते कोण हाये, वो?"