जाण्याचे अकरा किलोमीटर

त्या बुधवारी माझ्या मामाच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी सांगतो. पितळी पाटीवर नाव. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून काढलेला फोटो. आणि संग्रहालयाचा आयुष्यभराचा फुकट पास.

"ज्या गाडीत बसायचा बावीस वर्षं पगार घेतला, ती आता फुकटात बघायला मिळणार," मामा खुशीत होता.

"बघायलाच ना?" मामी म्हणाली. "मग बघा आणि या. लांबड लावू नका."

बदल्यात त्याने द्यायची होती फक्त वीस मिनिटं.

हे खरं आहे. ऐकीव नाही, मी तिथे होतो. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बुधवार म्हणजे संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस. आत चौघंच होतो. मामा, मी, संग्रहालयाच्या मॅडम आणि दारावरचा पहारेकरी.

लांबलचक दालन. दोन्ही बाजूंनी गाड्या. देश चालवणाऱ्यांनी वापरलेल्या. एक उघड्या टपाची, मिरवणुकीची. एक काचेला गोळीचा तडा गेलेली. आणि अगदी शेवटी मामाची. काळी, लांब, पुढची आणि मागची सीट यांच्यामध्ये जाड काच असलेली.

देश साहेब चालवायचे आणि साहेबांना मी, असं मामा म्हणायचा. गॅरेजमध्ये त्याला 'घड्याळ' म्हणत, कारण बावीस वर्षांत तो एकदाही उशिरा पोचला नव्हता.

त्या नोकरीची एक रीत होती. चालकाने मागे वळून बघायचं नाही. आरसासुद्धा छताकडे फिरवलेला. साहेब बसले की मधल्या काचेवर अंगठीने दोनदा वाजवायचे. टक टक. म्हणजे चला. पोचल्यावर एकदाच. टक. म्हणजे तू मोकळा. ती एक टक आल्याशिवाय चालकाने सीट सोडायची नाही.

शेवटच्या दिवशी साहेबांना छातीत दुखायला लागलं. बंगला ते हॉस्पिटल, अकरा किलोमीटर. मामाने गाडी हॉस्पिटलच्या दारात लावली. माणसं धावली, साहेबांना उचलून आत नेलं.

एक टक मारायला कोणी उरलंच नाही.

मामा तसाच बसून राहिला. संध्याकाळ, रात्र, दुसरी सकाळ. शेवटी गॅरेजच्या मुख्याने दंड धरून त्याला उतरवलं. गाडी दोरीने ओढत नेली. तिचा किलोमीटरचा आकडा तिथेच थांबला, ८७,४१२ वर.

मामा त्याचाही विनोद करायचा. "मला अजून कोणी मोकळं केलेलं नाही, भाच्या. पेन्शन खातोय, पण आहे ड्युटीवरच."

आम्ही हसायचो. दरवेळी.

मॅडमनी गाडीचं दार उघडलं. "बसा काका. बिनधास्त बसा. इंजिन काढलंय, बॅटरी नाही, चाकं ठोकळ्यांवर आहेत. पळणार नाही."

"पळाली तर पकडायला मी आहेच की," मामा म्हणाला आणि आत बसला.

मॅडमनी माहितीफलकाशी आकडा ताडून पाहिला. ८७,४१२. बरोबर. त्यांनी फोटो काढले. मामाने पोट आत घेतलं, मग कंटाळून सोडून दिलं.

मी मागचं दार उघडून साहेबांच्या सीटवर, उजवीकडे बसलो. माझ्या खिशात घराची किल्ली होती.

मला वाटलं, म्हाताऱ्याची जरा गंमत करू.

किल्लीने मधल्या काचेवर मारलं.

टक... टक.

मामाची पाठ ताठ झाली.

हात स्टिअरिंगवर गेले, दहा वाजून दहा मिनिटांना काटे असतात तसे. मान सरळ. नजर समोर.

मॅडम हसल्या. "वा काका, हुबेहूब."

मीही हसलो. मग मला गार वाटायला लागलं. फक्त डाव्या बाजूला... जिथे सीट रिकामी होती.

मी तिकडे पाहिलं.

सीटचं कातडं दबलेलं होतं. खोल. कोणीतरी जड माणूस बसावं तसं.

मी बाहेर कसा आलो, आठवत नाही.

"मामा, उतर. चल, बास झालं."

आत हात घालून मी किल्लीने काचेवर एकदा वाजवलं. टक.

मामाचे ओठ हलले. अगदी हळू, आदबीने, मागच्याला ऐकू जाऊ नये असं बोलला.

"तू नाही रे. साहेब बसलेत अजून."

पहारेकऱ्याने एक दंड धरला, मी दुसरा. मामा हाडांचा माणूस, साठ किलोसुद्धा नसेल. जागचा हलला नाही. बोटं उकलायला गेलो तर स्टिअरिंगचाच भाग झाल्यासारखी. मॅडम फोन शोधत होत्या आणि तो त्यांच्या हातातच होता.

तेवढ्यात एक आवाज आला... बारीक. कर्र... कर्र.

आकडा फिरत होता.

८७,४१५... ८७,४१६...

इंजिन नाही. चाकं जमिनीला टेकलेली नाहीत. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. दुसरं काय करणार होतो? गाडी थांबवायला आधी ती चालू तरी हवी ना.

८७,४२३ वर आवाज थांबला. अकरा किलोमीटर, वीस मिनिटांत.

मग मामाची बोटं आपोआप सैल पडली. आम्ही त्याला उतरवलं. चालत बाहेर आला, टॅक्सीत बसला, घरी आला.

पण आला तो घड्याळ नव्हता. जेवतो, झोपतो, विचारलं तर हो-नाही म्हणतो. मागून हाक मारली तर वळून बघत नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, या वयाच्या मानाने उत्तम.

आणि रोज तीन वाजून दहा मिनिटांनी, जिथे असेल तिथे, त्याचे दोन्ही हात वर येतात. काटे दहा वाजून दहा. वीस मिनिटं.

मॅडमचा रोज सकाळी फोन येतो. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडून पाहिला. आकड्याची केबल गाडी आणली तेव्हाच काढलेली होती. तरी रोज अकरा वाढतात. बावीस कधीच नाहीत. जाण्याचे अकरा. येण्याचं काहीच नाही.

काल सकाळी ८८,४५७ होता. मी भागून पाहिलं. पंच्याण्णव दिवस, एकही खाडा नाही.

मामी परवा भांडी पुसता पुसता म्हणाली, "बावीस वर्षं साहेबांना दिला मी माझा माणूस. सकाळी सहाला न्यायचे, रात्री कधीतरी परत करायचे. कधी तक्रार केली नाही. म्हटलं, आता उरलेला तरी माझा." मग म्हणाली, "तू काय केलंस रे तिथे? ते सांगत नाहीत."

मी म्हणालो, काही नाही. फोटो काढले.

म्हणून काल दुपारी मी एकटाच गेलो. मॅडमच्या हातापाया पडून आत शिरलो. मागच्या सीटवर बसलो, उजवीकडे, दाराला चिकटून. तीन वाजून दहा झाले. कर्र... कर्र... सुरू झालं. अकरा पूर्ण होईपर्यंत थांबलो. हॉस्पिटलपाशी गाडी पोचली असेल, तेव्हाच मोकळं करायला हवं होतं ना?

आवाज थांबला.

मी किल्लीने काचेवर एकदा वाजवलं. टक.

"साहेब," मी म्हणालो, "सोडा त्याला. चूक माझी होती."

मग माझ्या डावीकडून...

टक... टक.

किल्ली माझ्या उजव्या हातात होती.

तेव्हा कुणाला काय मिळालं ते लिहून ठेवतो. पाटी लागली. मामाचं नाव ठळक कोरलंय, त्याने अजून पाहिलेलं नाही. फोटो मॅडमनी पाठवला, मामीने उलटा करून ठेवला. फुकट पास पोस्टाने आला. साहेबांना त्यांचा चालक परत मिळाला.

भरलं मामाने. भरतेय मामी, रोज वीस मिनिटं त्याच्या हातांकडे बघत.

वाजवलं मी. आणि माझ्याकडे अजून कोणी काहीच मागितलेलं नाही.